सड्यावरची हिरवळ कोणाच्या पाण्यावर?

कोकणात पर्यटनाच्या विकासाचा विषय निघाला की पंचतारांकित हॉटेल, मरिना आणि गोल्फ कोर्स ही तीन नावे एका दमात घेतली जातात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला, आणि या सगळ्या काळात ‘मोठा पर्यटक’ येत नाही ही खंत कायम राहिली. समुद्राकडे उघडणारा उंच सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे कातळ पठार, खाली पुळण आणि खाडीचे मुख, पाठीशी सह्याद्रीची रांग, असा देखावा जगात फार थोड्या किनाऱ्यांच्या वाट्याला आला आहे. स्कॉटलंड, कॅलिफोर्निया किंवा न्यूझीलंडच्या कड्यांवरील गोल्फ कोर्सची छायाचित्रे पाहणाऱ्याला आपल्याकडे असे काही का होऊ नये, असे वाटले तर त्यात नवल नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की कोकणातल्या अखंड सड्यांवर आणि किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर गोल्फ कोर्सला परवानगी देऊ नये. ज्या देखाव्याच्या ओढीने हा प्रकल्प येतो तोच देखावा तो मोडतो, आणि त्याची किंमत सड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाड्यांकडून पाण्याच्या रूपाने वसूल होते.

हे मत खेळाच्या द्वेषातून आलेले नाही. गोल्फचा इतिहास नीट पाहिला तर तो कोकणच्या बाजूनेच साक्ष देतो. हा खेळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वाढला तो शेतजमीन आणि समुद्र यांच्या मधल्या वालुकामय, खारवट, नांगराला निरुपयोगी अशा पट्टीवर. तिथे मेंढ्या चरत, त्यामुळे गवत आपोआप आखूड राही. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा शोधत ज्या खळग्यांत बसत, त्यांतली वाळू उघडी पडून आजच्या बंकरचा, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांचा, उगम झाला, असे सांगितले जाते. सेंट अँड्र्यूज येथील ओल्ड कोर्स कोणी आराखडा काढून बांधलेला नाही. खेळाडू त्या जमिनीवर चालत गेले आणि वाटा पडत गेल्या. १५५२ मध्ये तेथील आर्चबिशपने दिलेल्या सनदेत गावकऱ्यांचा त्या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला होता. १७६४ मध्ये बावीस होल्सचे अठरा झाले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. १८९४ मध्ये खास कायदा करून ती जमीन गावाच्या नगर परिषदेकडे देण्यात आली, आणि १९७४ पासून एक सार्वजनिक विश्वस्त संस्था तिचा कारभार पाहते. आजही ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावातली माणसे मुलाबाळांसह, कुत्री घेऊन तिथे फिरायला येतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मैदानावरून समुद्राकडे जाणारा एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो, आणि माणसे पार होईपर्यंत खेळाडू थांबून राहतात.

म्हणजे जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित गोल्फ मैदानाची ओळख तीन गोष्टींत आहे: जमीन आहे तशी वापरली, पाणी आभाळाने दिले आणि वाट गावाची राहिली. कोकणात जे गोल्फ कोर्स सुचवले जातात त्यांत या तिन्ही गोष्टी उलट्या होतात.

आधी हवामान पाहू. सेंट अँड्र्यूजच्या परिसरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, पण तो बारा महिन्यांत थोडा थोडा वाटला जातो, आणि उन्हाळाही थंड असतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत सडा इतका हिरवा असतो की पाहणाऱ्याला खरोखरच कोणी हिरवळ लावली असावी असे वाटते. मात्र त्या वाऱ्यापावसात गोल्फ खेळता येत नाही. खेळता येते ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत, आणि तेव्हा सडा पिवळा, मग तांबूस, मग काळा पडत जातो. एप्रिल-मे महिन्यांत दमट उकाड्यात उघड्या कातळावर चार-पाच तास चालण्याची हौस फार थोड्यांना असेल. जाहिरातीत दाखवायची हिरवळ नेमकी निसर्ग ती काढून घेतो त्या महिन्यांत कृत्रिमरीत्या जगवावी लागणार, हा कोकणातल्या गोल्फ कोर्सचा मूळ पेच आहे, आणि कितीही चांगला आराखडाकार आणला तरी तो सुटत नाही.

पाण्याचा हिशेब कोणालाही कागदावर करता येईल असा आहे. अठरा होल्सच्या कोर्सला साधारण पन्नास ते साठ हेक्टर जागा लागते. त्यातले पंचवीस हेक्टरच भिजवायचे ठरवले आणि कोरड्या महिन्यांत गवत व जमीन मिळून दिवसाला किमान चार मिलिमीटर पाणी हवेत सोडतात असे धरले, तर रोजचे दहा लाख लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या मापाने हे पाणी अठरा हजार माणसांना पुरते. नोव्हेंबर ते मे असे दोनशे दिवस धरले तर वीस कोटी लिटर. हॉटेलचे, तरणतलावाचे आणि बंगल्यांचे पाणी यात धरलेले नाही. ज्या तालुक्यांतल्या वाड्यांना एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा आकडा ग्रामसभेपुढे मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते पोकळ नाही, म्हणून त्याचा विचार करायला हवा. साठ हेक्टरवर तीन मीटर पाऊस पडतो म्हणजे अठरा लाख घनमीटर पाणी पडते. कोर्सला लागते दोन लाख घनमीटर. मग पावसाचे पाणी साठवले की प्रश्न मिटला. कागदावर हे खरे आहे. पण दोन लाख घनमीटर साठवायला पाच मीटर खोलीचा, चार हेक्टरांचा तलाव लागतो, आणि आठ महिन्यांच्या उन्हात उडून जाणारे पाणी धरले तर त्याहून बराच मोठा. जांभ्यात पाणी टिकत नाही, म्हणजे सुरुंग लावून खोदलेल्या त्या खड्ड्याला प्लास्टिकचे अस्तर घालावे लागणार. आणि हे सगळे करूनही मे महिन्याच्या मध्यावर तलावाने तळ गाठला, तर कोट्यवधी रुपये घालून वाढवलेले गवत मालक वाळू देईल की बोअरवेलचे बटण दाबेल? परवानगीच्या कागदावर काहीही लिहिलेले असो, त्या वेळी सड्यावर मीटर वाचायला कोणी उभे नसते. सांडपाणी शुद्ध करून वापरण्याचा मार्गही सांगितला जातो. कॅलिफोर्नियात १९१९ पासून सुरू असलेला पेबल बीच हा कोर्स १९९० च्या दशकापासून शेजारच्या वस्तीचे शुद्ध केलेले सांडपाणी वापरत आला आहे, आणि ते कौतुकास्पदच आहे. पण त्यासाठी आधी मोठी वस्ती, तिची भुयारी गटारे आणि शुद्धीकरण केंद्र असावे लागते. रोजचे दहा लाख लिटर सांडपाणी मिळवायचे तर किमान दहा हजार लोकवस्तीचे, पूर्ण गटारव्यवस्था असलेले गाव जवळ हवे. आपल्याकडे घरोघरी शोषखड्डे आहेत. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा खर्च आणि त्यातून उरलेले तीव्र खारे पाणी खाडीत सोडण्याचा परिणाम यांबद्दल तर बोलायलाच नको.

ज्याला आपण सड्यावरून ‘वाहून जाणारे’ पाणी म्हणतो, ते वाया जाते ही समजूतच चुकीची आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि सड्याची कड जिथे उताराला लागते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातल्या कितीतरी वाड्या नेमक्या या झऱ्यांच्या ओळीवर वसल्या आहेत. पाटाने आगरात फिरणारे पाणी, पोफळी आणि माडांची शिंपणे, देवळाजवळची बारमाही विहीर, उन्हाळ्यात गुरांना पाणी दाखवायचा वहाळातला डोह या सगळ्याचे मूळ वरच्या सड्यावर असते. वर काय घडते ते खालच्या विहिरीत दिसते, हे वाडीतल्या कोणत्याही वयस्क बाईला ठाऊक आहे, कारण कळशी तिने भरलेली असते. सड्याचा साठ हेक्टरांचा तुकडा सपाट केला, त्यावर बाहेरची माती आणि वाळू पसरली, त्याखाली पाण्याच्या निचऱ्याचे नळ घातले आणि निचरा तलावाकडे वळवला, म्हणजे खालच्या झऱ्यांचे तोंड वरच्या वर बांधले जाते. त्यातूनही जे मुरेल त्याच्याबरोबर खत आणि बुरशीनाशके मुरतील. गोल्फच्या ग्रीनवरील, म्हणजे होलभोवतीच्या पट्ट्यावरील, गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवावे लागते. इतके आखूड आणि एकाच जातीचे गवत दमट हवेत रोगाशिवाय टिकत नाही, म्हणून औषधे मारावी लागतात. जुलैच्या एका रात्रीत दोनशे मिलिमीटर पाऊस कोसळतो अशा प्रदेशात ती औषधे जागेवर राहणार नाहीत, ती वहाळाने खाडीत जाणार. आणि ओहोटीला त्या खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून बायका तिसऱ्या आणि कालवे ही शिंपली काढतात, ती घरच्या जेवणासाठी आणि बाजारासाठी.

सडा रिकामा आहे या समजुतीवर सगळा डोलारा उभा आहे. सातबाऱ्यावर ही जमीन वरकस किंवा पोटखराबा म्हणून लागलेली असते, देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात खडकाळ ओसाड जमीन हा एक स्वतंत्र प्रकारच आहे, आणि मुंबईहून आलेला माणूस मे महिन्यात तिथे उभा राहिला तर त्याला खरोखर काहीच दिसत नाही. तोच माणूस श्रावणात आला तर पायाखाली पाहून चालावे लागेल. मृगाच्या सरी पडल्या की काळा कातळ आठवडाभरात शेवाळाने हिरवा होतो आणि पाठोपाठ दीपकाडीच्या पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. ही वनस्पती फक्त कोकणपट्टीतली, आणि तिचे घर म्हणजे हेच कातळ. मग खळग्यांत साचलेल्या उथळ पाण्यात गेंदाची बटणासारखी पांढरी फुले, ओलसर कडांवर सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा थर, कवळ्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटक पकडून जगतात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नसतेच. त्यांचे सगळे जगणे या दारिद्र्यावर बेतलेले आहे. तिथे चार ट्रक सुपीक माती आणि युरियाची पोती टाकली की ती संपतात. त्यासाठी वेगळे विष लागत नाही. साताऱ्याच्या कास पठाराला पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तिथे फुले पाहायला गर्दी लोटते. त्याच कुळातले आपले सडे मात्र आपण मोकळे भूखंड म्हणून विकायला काढतो. सड्यावर टिटवी उघड्या दगडावर अंडी घालते, सुरुवातीच्या पावसात माणसे टाकळा आणि फोडशी खुडायला जातात, गुराखी दिवसभर गुरे घेऊन असतो, दिवाळीनंतर गवताची कापणी होऊन भारे खाली येतात, आणि जिथे वीतभर माती साचली आहे तिथे पावसाच्या भरवशावर भाताचे एक पीकही निघते. ओसाड म्हणून नोंदलेल्या जमिनीवर हे एवढे चालते.

त्याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगाच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ यांच्यासह कशेळीचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. ही नऊ ठिकाणे म्हणजे सगळी कातळशिल्पे नव्हेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ती अनेक सड्यांवर विखुरलेली आहेत, कित्येक पातळ माती आणि गवताखाली झाकलेली असतात, आणि आजवरची बरीचशी गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनी दाखवल्यामुळे उजेडात आली. खोदकाम फार तर काही बोटे खोल आहे. बुलडोझर एकदा फिरला की तिथे काय होते ते कोणालाही कळणार नाही, आणि ज्याने फिरवला त्यालाही कळणार नाही. कोरलेल्या चित्राभोवती चार दांडे रोवून बाकीचा सडा विकायला मोकळा, हे संरक्षण नव्हे. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांनी ती या मोकळ्या कातळावर, त्याच्या पाण्याजवळ काढली होती.

इथे कोकणातल्या माणसाने स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. सड्याची मोडतोड बाहेरच्यांनीच केली असे नाही. १९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली गेली आणि कातळात सुरुंगाने खड्डे पाडून, दुसरीकडची माती भरून आपण हापूसच्या बागा उभ्या केल्या. त्या बागांनी कितीतरी घरे तारली, मुलांची शिक्षणे झाली, आणि कोणी त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देऊ नये. पण त्या बागांवरही फवारे मारले जातात आणि तेही पाणी वहाळातच जाते. चिऱ्याच्या खाणींनी तर सड्यांना चौकोनी भोके पाडून ठेवली आहेत. म्हणून गोल्फ कोर्सचा समर्थक जेव्हा ‘एवढे केलेत, तेव्हा कुठे होता तुमचा सडा?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या प्रश्नाला बगल देता येत नाही. माझे उत्तर असे की, बाग शेकडो कुटुंबांच्या हातात विखुरलेली आहे, आंब्याचे झाड दोन-तीन वर्षांत रुजले की सहसा शिंपण्याशिवाय उभे राहते, आणि बागेतून जाणारी पाखाडी, म्हणजे गावची पायवाट, बंद होत नाही. गोल्फ कोर्स एका मालकाच्या हाती साठ हेक्टर एकत्र आणतो, दरसाल पाणी मागतो आणि कुंपण घालतो. एका चुकीचा दाखला देऊन तिच्याहून मोठी चूक करण्याचा परवाना मिळत नाही.

रोजगाराचा मुद्दा सगळ्यांत जिव्हारी लागणारा आहे. गावातली मुले मुंबई-पुण्याला जातात, घरे कुलपात असतात आणि गणपती-शिमग्याला तेवढी उघडतात. अशा गावात कोणी शंभर नोकऱ्यांचे आश्वासन घेऊन आला तर त्याला पर्यावरणाची व्याख्याने ऐकवणे योग्य नाही. आश्वासन तपासणे मात्र योग्य आहे. खेळाचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, म्हणजे खेळाडूचे सामान वाहणाऱ्या कॅडीचे काम तेवढेच. देखभालीचा मोठा भाग यंत्रे करतात. मैदान सांभाळणारा तज्ज्ञ, प्रशिक्षक, व्यवस्थापक बाहेरून येतात, आणि गावाला माळीकाम, झाडलोट व पहारा उरतो. शिवाय अशा बहुतेक प्रकल्पांत खरा नफा खेळातून नसून मैदानाभोवतीच्या बंगल्यांच्या विक्रीतून अपेक्षित असतो. हिरवळ ही त्या विक्रीची जाहिरात असते. जपानने १९८७ मध्ये रिसॉर्ट उभारणीला सवलती देणारा कायदा केला आणि डोंगरउतारांवर गोल्फ कोर्सची लाट आली. मैदान तयार होण्याआधीच सभासदत्वे सट्ट्यासारखी विकली गेली. फुगा फुटल्यावर अनेक कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या आणि काही ओसाड मैदानांवर आता सौर पॅनेल उभे आहेत. याउलट मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण आपल्या दारचे आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुणे गावातल्याच घरांत राहू लागले, तिथेच जेवू लागले. तिथला पैसा मोठा नाही, हंगामही लहानच. पण तो घराघरांत जातो आणि त्यासाठी कोणाला सातबारा विकावा लागलेला नाही. अशी पन्नास गावे उभी करणे हे एक मोठे रिसॉर्ट आणण्यापेक्षा शासनाला अवघड वाटते, कारण त्याचे एका दिवसात उद्घाटन करता येत नाही.

सातबाऱ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. कोकणात जमीन सामाईक असते. एका उताऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदारांची नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही परदेशी, काही हयात नाहीत. दलाल आधी दूरच्या हिस्सेदाराकडे जातो, ज्याने ती जमीन कधी पाहिलेली नसते. त्याचा हिस्सा घेतला की गावात राहणाऱ्या भावाला वाटपाच्या दाव्याची धास्ती घालता येते. सड्याच्या बाबतीत हे आणखी सोपे जाते, कारण ‘त्या कातळाचे तुम्हाला काय मिळते?’ या प्रश्नाला रुपयांत सांगता येईल असे उत्तर नसते. गुरांची चराई, गवताचे भारे आणि खालच्या विहिरीचे पाणी यांची पावती कोणी फाडत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील वेळागरला तारांकित हॉटेलासाठी संपादित झालेल्या जमिनीचा प्रश्न नव्वदच्या दशकापासून वर्षानुवर्षे रेंगाळला, हे सिंधुदुर्गात सर्वांना ठाऊक आहे.

किनाऱ्याच्या बाबतीत कायद्यातच एक फट आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेपासून ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्ट्यात शेती, बागा, कुरणे, उद्याने आणि खेळाची मैदाने यांना मुभा आहे. हेतू असा की गावच्या मुलांनी वाळूच्या कडेला क्रिकेट किंवा कबड्डी खेळावी. पण खेळाचे मैदान म्हणून गोल्फ कोर्स त्या पट्ट्यात सरकवता येईल, ही शक्यता डोळ्याआड करण्यासारखी नाही. त्याच अधिसूचनेत किनाऱ्यावरील रिसॉर्टसाठी वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, कुंपणाने समुद्राकडे जाण्याच्या वाटेला अडथळा येऊ नये आणि भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसू नये, अशाही अटी आहेत. या अटी पाळून अठरा होल्सचा कोर्स किनाऱ्यावर होत नाही; म्हणून जिथे तो होईल तिथे त्या पाळल्या जातील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

विश्वास ठेवणे कठीण का, याचे उत्तर गोल्फच्या माहेरीच मिळते. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला मेनी येथे वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचा एक दुर्मीळ प्रदेश संरक्षित होता. डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीच्या कोर्सला २००८ मध्ये तेथील सरकारने आर्थिक लाभाच्या आशेने मंजुरी दिली, २०१२ मध्ये कोर्स सुरू झाला, गवत लावून वाळू जागेवर बांधली गेली, आणि २०२० मध्ये शासकीय निसर्गसंवर्धन संस्थेने त्या भागाचा संरक्षित दर्जाच काढून घेतला, कारण संरक्षण करण्याजोगे वैशिष्ट्य तिथे पुरेसे उरले नव्हते. त्याच वर्षी त्याच सरकारने उत्तरेकडील कूल लिंक्स येथील दुसऱ्या कोर्सचा प्रस्ताव फेटाळला. मेनीच्या वेळी जे आश्वासन पुरेसे वाटले होते, ते दुसऱ्या खेपेला वाटले नाही. आपल्याकडे गोव्याच्या उत्तर टोकावरील तेरेखोल गावात गोल्फ कोर्स आणि रिसॉर्टच्या प्रकल्पाविरुद्ध कुळे आणि गावकरी उभे राहिले आणि प्रकरण न्यायालयात गेले. नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सजवळ रोहित पक्षी उतरतात त्या पाणथळ जागेवरील गोल्फ कोर्स आणि इमारतींचा प्रस्ताव २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अडवला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. दर वेळी गावकऱ्यांनी वर्गणी काढून वकील करावा आणि तारखांना जावे, ही काही नियोजनाची पद्धत नव्हे.

डोंगराच्या बाबतीत फार लिहायला नको. गुलमर्ग आणि शिलाँगची मैदाने सुंदर आहेत, पण ती थंड हवेतल्या नैसर्गिक कुरणांवर आहेत. सह्याद्रीच्या कोकणाकडील उतारावर सपाटी तयार करायची म्हणजे डोंगर कापायचा, आणि महाड तालुक्यातील तळीये येथे २०२१ च्या जुलैत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, तो हाच उतार आहे. अशा ठिकाणी केवळ खेळासाठी एक घमेलेही माती हलवू नये.

मग कोकणात गोल्फ कधीच नको का? तसे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या सागरी खाडीच्या काठावर चेंबर्स बे नावाचा कोर्स आहे. ती जागा म्हणजे वाळू आणि खडीची जुनी खाण होती. तिथल्या काउंटीने ती विकत घेतली, २००७ मध्ये कोर्स सुरू केला, मालकी सार्वजनिकच ठेवली, कोर्समधून लोकांना फिरायला पायवाट ठेवली, आणि २०१५ मध्ये तिथे अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. आपल्याकडे काम संपलेल्या, उघड्या टाकलेल्या चिरेखाणी आहेत, ज्यांत पावसाळ्यात पाणी साचते आणि गुरे पडतात. तिथली फुले गेली आहेत, कातळ गेला आहे, आणि पाणी साठवायला खड्डा आयता आहे. अशा जागी, नऊ होल्सचा, पावसाळा सोडून उरलेल्या काळात पिवळे पडणारे स्थानिक गवत मान्य करणारा, बंगल्यांशिवायचा, ग्रामपंचायतीच्या मालकीचा किंवा भाडेपट्ट्यावरचा आणि पाखाडी उघडी ठेवणारा कोर्स कोणी मांडला तर त्याचा खुल्या मनाने विचार व्हावा. गुंतवणूकदाराला तो परवडणार नाही असे उत्तर आले, तर त्याला गोल्फ हवा होता की सडा, हे तिथेच स्पष्ट होईल.

तोवर करण्याचे काम वेगळे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील प्रादेशिक योजनेच्या नकाशात सडे हे पाणी मुरण्याचे, चराईचे आणि कातळशिल्पांचे क्षेत्र म्हणून स्वतंत्र रंगाने दाखवले जावेत, आणि त्यांच्या कडेचे झरे व त्यांवर अवलंबून असलेल्या वाड्या त्याच नकाशावर नोंदवल्या जाव्यात. झऱ्यांची पाहणी मे महिन्यात करावी, ऑगस्टमध्ये नव्हे. पाखाड्या आणि समुद्राकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटा गावनकाशावर नसतील तर तलाठ्याकडे अर्ज देऊन त्या चढवून घ्याव्यात, कारण नोंद नसलेली वाट कुंपणाच्या आत गेली की ती होती हे सिद्ध करण्याचा भार गावावर पडतो. यांतल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही. योजनेच्या मसुद्यावर किंवा फेरबदलावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा मुदत संपण्याआधी सड्याखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा ठराव, गट क्रमांकांसह, तिथे पोहोचलेला असला पाहिजे.